सोनं आणि घडणावळ

राजापूरच्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावरून काही वर्षांपूर्वी पत्र्याची एक ट्रंक खाली काढली. आत कसोटीचा दगड होता, फुंकणी होती, गुंजांनी भरलेली एक डबी होती आणि लाल कापडाच्या बांधणीच्या तीन वह्या होत्या. माझे आजोबा सोनार होते. वह्यांमधलं अक्षर घाईचं, पण हिशेब चोख. प्रत्येक नोंदीला दोन रकाने आहेत. पहिला सोन्याचा : तोळे, मासे, गुंजा. दुसरा घडणावळीचा : रुपये आणि आणे. बहुतेक गिऱ्हाइकं घरातलंच जुनं सोनं मोडायला आणायची आणि त्याचीच नवी बोरमाळ किंवा पाटल्या करून न्यायची. सोनं त्यांचंच असे. आजोबांच्या पदरात पडे ती घडणावळ.

तिसऱ्या वहीत जानेवारी १९६३ नंतरची पानं कोरी आहेत.

त्या कोऱ्या पानांचं कारण शोधायला मी बसलो तेव्हा ते आमच्या घराण्यापुरतं असेल असं वाटलं होतं. अर्थशास्त्र मी कॉलेजात शिकलो नाही. एका पतसंस्थेत नोकरी करता करता, मिळतील ती पुस्तकं आणि अहवाल वाचत गेलो. वाचता वाचता ध्यानात आलं, की आजोबांची वही बंद पडण्याचं मूळ कारण एका साध्या प्रश्नात आहे. एकच वस्तू एका देशात स्वस्त आणि दुसऱ्या देशात महाग का असते? या प्रश्नाची उत्तरं आपल्या ओठांवर असतात : वाहतूक, कर, डॉलरचा भाव. ती चूक नाहीत, पण अपुरी आहेत. आजोबांचे दोन रकाने मला या सगळ्या उत्तरांपेक्षा जास्त उपयोगी पडले.

*

आधी पहिला रकाना, सोन्याचा.

अर्थशास्त्रात 'एक वस्तू, एक भाव' असा एक जुना नियम मानला जातो. एक वस्तू 'अ' गावात दहा रुपयांना आणि 'ब' गावात वीस रुपयांना मिळत असेल, तर कोणीतरी ती 'अ' गावात घेऊन 'ब' गावात विकू लागेल. मग 'अ' गावात भाव चढेल, 'ब' गावात उतरेल आणि शेवटी फरक राहील तो गाडीभाड्याएवढाच. बटाट्याला हा नियम पुरता लागू होत नाही, कारण बटाटा जड, नासणारा आणि प्रत्येक बाजारात वेगळ्या जातीचा. सोन्याचं तसं नाही. शुद्ध सोनं लंडनमध्ये असो वा राजापुरात, ते तेच असतं. ते नासत नाही, आणि मूठभर सोन्यात घराची किंमत मावते, त्यामुळे भाडं नगण्य. 'एक वस्तू, एक भाव' हा नियम कुठे खरा ठरायचाच असेल, तर तो सोन्याच्या बाबतीत ठरला पाहिजे.

आणि एकेकाळी तो ठरलाही होता. १९२७ च्या चलन कायद्यानुसार सरकारचा सोने खरेदीचा दर तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै असा बांधलेला होता. २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्णमान सोडला. पौंड घसरला आणि पौंडाच्या शेपटीला बांधलेला आपला रुपयाही घसरला. पौंडात मोजलेला सोन्याचा भाव लंडनमध्ये झपाट्याने वाढला, आणि काही महिन्यांतच मुंबईतला तोळ्याचा भाव तिशीकडे सरकला. ते मंदीचे दिवस होते. धान्याचे आणि कापसाचे भाव कोसळले होते, सारा आणि सावकार मात्र थांबायला तयार नव्हते. खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या अंगावरचं सोनं उतरलं, सोनारांच्या मुशीत वितळलं, मुंबईच्या बाजारात आलं आणि बोटींनी लंडनला गेलं. अनेक वर्षं हा ओघ चालू होता. तो काळ हलाखीचा होता, पण भावापुरतं बोलायचं तर नियम चोख चालत होता. लंडनमध्ये भाव जास्त म्हणून सोनं तिकडे वाहत होतं, आणि ते वाहत होतं म्हणूनच दोन्ही भाव एकमेकांजवळ राहत होते.

पुढे दार बंद झालं.

*

१९४७ साली परकीय चलन नियमन कायदा आला आणि रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय सोनं आयात करता येईनासं झालं. यामागचा विचार समजण्यासारखा आहे. देशाजवळ परकीय चलन थोडं, आणि त्यातून यंत्रं, धान्य, खतं, औषधं आणायची. तेच चलन तिजोरीत पडून राहणाऱ्या धातूवर खर्च करणं परवडणारं नव्हतं. पण सोन्याची मागणी कायद्याने थांबत नाही. ज्या गावात बँक नाही, विमा नाही, जमिनीच्या कागदावर बाईचं नाव नाही, तिथे बाईच्या हक्काचं असं एकच धन होतं, ते म्हणजे तिच्या गळ्यातलं आणि हातातलं. देशातलं उत्पादन म्हणजे मुख्यतः कोलारच्या खाणी, आणि त्या एवढ्या मोठ्या देशाला पुरणाऱ्या नव्हत्या.

मग काय झालं, ते साध्या गुणाकार-भागाकाराने पाहता येतं. जगात सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलर होता. १९४९ नंतर डॉलर ४ रुपये ७६ पैशांना होता. या दराने एका तोळ्याची किंमत होते साडेबासष्ट रुपये, म्हणजे दहा ग्रॅमला ५३ रुपये ५८ पैसे. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनच्या युद्धाच्या वेळी, सरकारने सुवर्णरोखे काढले तेव्हा लोकांकडून सोनं घेण्याचा दर नेमका हाच, ५३ रुपये ५८ पैसे, ठरवला होता. त्याच वर्षी मुंबईच्या बाजारात दहा ग्रॅमला सुमारे ११९ रुपये पडत होते. दुपटीहून जास्त! रोख्यांकडे अपेक्षेच्या मानाने फार थोडं सोनं आलं यात नवल नाही. लोकांची देशभक्ती कमी पडली असं म्हणण्यापूर्वी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहायला हवेत.

आता दुबईकडे पाहू. तिथे सोनं आणायला बंदी नव्हती. लंडन-झुरिकहून ते कायदेशीरपणे उतरायचं. भारतीय गिऱ्हाइकासाठी खास दहा तोळ्यांच्या चिपा पाडलेल्या असत, त्यांनाच आपल्याकडे 'बिस्कीट' म्हणत. दहा तोळे म्हणजे ११६.६४ ग्रॅम. जगाच्या भावाने एका बिस्किटाचे ६२५ रुपये होत, आणि मुंबईत त्याचेच जवळजवळ १,३९० रुपये येत. तळहाताएवढ्याही नसलेल्या तुकड्यावर साडेसातशे रुपयांहून अधिक फरक, म्हणजे तेव्हाच्या शाळामास्तरांचा कित्येक महिन्यांचा पगार. गलबतं रात्री किनाऱ्यापासून लांब उभी राहायची आणि लहान होड्या माल उतरवायच्या. कोकणात माझ्या पिढीच्या लहानपणी या गोष्टी भुताखेतांच्या गोष्टींइतक्याच रंगवून सांगितल्या जात.

या व्यापारातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट मात्र होडीत नव्हती, ती नोटेत होती. तेव्हा कुवेत, बहारीन, कतार आणि आज ज्यांना संयुक्त अरब अमिराती म्हणतात त्या मुलखात भारताचाच रुपया चालत असे. सोन्याच्या बदल्यात मुंबईच्या नोटा तिकडे जात. तिथल्या बँका त्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे परत पाठवत आणि बदल्यात पौंड मागत. ते देणं बँकेला भाग होतं. म्हणजे जे परकीय चलन वाचवायला सोन्याला बंदी घातली, तेच चलन मागल्या दाराने चोरट्या सोन्यापायी जात होतं. शेवटी १९५९ साली सरकारने आखाती देशांसाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी 'झेड' हे अक्षर असे आणि त्या भारतात चालत नसत. कुवेतने १९६१ मध्ये आपला दिनार आणला. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर साडेसात रुपयांचा झाला, आणि आखातातल्या बाकीच्या बहुतेक मुलखांनीही रुपयाचा निरोप घेतला.

इथे एक शंका येते, मलाही आली होती. एवढी चोरटी आयात होत होती, तर 'एक वस्तू, एक भाव' या नियमाने मुंबईचा भाव खाली का आला नाही? उत्तर असं, की नियम चालूच होता, फक्त गाडीभाडं बदललं होतं. पकडलं जाण्याचा धोका, जप्त होणारा माल, तुरुंगवास, वाटेतल्या माणसांची तोंडं बंद ठेवण्याचा खर्च, हे सगळं आता त्या भाड्यात आलं होतं. दोन देशांमध्ये सरकारने एक तट बांधला होता आणि भावातला फरक म्हणजे तो तट ओलांडण्याचा खर्च. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस जगात चांदी महाग झाली, तेव्हा भारतातून चांदी चोरून दुबईला जाऊ लागली आणि तिच्या बदल्यात सोनं येऊ लागलं. तट तोच, वाट तीच, फक्त ओझं दोन्ही दिशांनी.

*

जानेवारी १९६३ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम जाहीर केले. १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी आली. १४ कॅरेट म्हणजे शंभर भागांत जेमतेम ५८ भाग सोनं. दागिन्याचा कस उतरला की सोन्याचा मोह उतरेल, मोह उतरला की भाव उतरेल आणि भाव उतरला की चोरटा व्यापार आपोआप थांबेल, असा हिशेब होता.

कागदावर हा हिशेब बरोबर होता. पण १४ कॅरेटचं मंगळसूत्र मुलीच्या गळ्यात घालायला कोण तयार होणार? गिऱ्हाइकांनी दागिने करणंच थांबवलं. फटका बसला तो ज्यांच्याकडे सोनं होतं त्यांना नव्हे, ते थांबू शकत होते. फटका बसला घडणावळीवर जगणाऱ्यांना. देशभर लाखो सोनारांची शेगडी विझली. मोर्चे निघाले. सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. नियम पुढे सैल होत गेले आणि १९६६ मध्ये १४ कॅरेटची अट सरकारने मागे घेतली. तरी १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा आलाच आणि तो १९९० पर्यंत राहिला.

आमच्या घरी तेव्हा काय झालं ते आजी सांगायची. आजोबांनी काही महिने वाट पाहिली. मग एका किराणा दुकानात ते तराजू धरायला उभे राहिले. गुंजेचं वजन डोळ्यांनी ओळखणारा माणूस तांदूळ मोजू लागला. अट मागे घेतल्यावर त्यांनी पुन्हा शेगडी पेटवली नाही. ते म्हणायचे, "हात गेला." लोक समजायचे, हाताला काही दुखापत झाली.

लंडन, दुबई आणि मुंबई यांच्या भावांमधला फरक हा दिल्लीच्या कागदावरचा आकडा होता. तो मिटवण्याच्या प्रयत्नात राजापुरातली शेगडी विझली. सोनं मात्र येतच राहिलं.

तट खाली आला तो पुढे तीस वर्षांनी. १९९२ पासून परदेशी सहा महिने राहून परतणाऱ्या भारतीयांना ठराविक शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोनं आणायची मुभा मिळाली. शेकडो छापे आणि खटले यांनी जे साधलं नव्हतं ते या एका सवलतीने बरंचसं साधलं. चोरट्या सोन्याचा धंदाच परवडेनासा झाला. आजही हे गणित तसंच चालतं. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं आणि मुंबईतला भाव त्याच दिवशी घसरला. सोनं तेच होतं, तट तेवढा बुटका झाला होता.

*

आता दुसरा रकाना, घडणावळीचा. इथे गोष्ट अवघड होते, कारण इथे तट पाडूनही फरक मिटत नाही.

माझे एक चुलतकाका आजोबांच्या हाताखाली लहानपणी काम शिकले होते. १९७३ नंतर तेलाचा भाव चढला आणि रत्नागिरी-रायगडातून आखातात जाणाऱ्यांची रीघ लागली. १९७७ साली हे काकाही बहारीनला गेले. दागिन्यांच्या एका कारखान्यात त्यांना काम मिळालं. पहिल्यांदा सुटीवर आले तेव्हा आजोबांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, "तिथे काय निराळं करतोस?" काका म्हणाले, "काही नाही दादा. तीच मूस, तीच फुंकणी, तोच डाग." पण काकांच्या तिथल्या एका महिन्याच्या पगारात आजोबांची चांगल्या दिवसांतली वर्षाची घडणावळ मावत होती.

हात तेच, काम तेच, मग मोल वेगळं का? या प्रश्नाचा माग फार मागे जातो. मार्टिन दे आस्पिलक्वेता नावाच्या स्पॅनिश धर्मपंडिताने १५५६ मध्ये विनिमयावर एक ग्रंथ लिहिला. जुन्या गोव्यात ज्यांचं शव जतन केलं आहे त्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातला हा माणूस. अमेरिकेतून येणाऱ्या चांदीने स्पेनमध्ये सगळं महाग होताना त्याने पाहिलं. जिथे पैसा मुबलक तिथे वस्तू महाग आणि जिथे पैशाची टंचाई तिथे स्वस्त, असं त्याने नोंदवलं. त्या स्वस्त होणाऱ्या गोष्टींच्या यादीत त्याने माणसाचे हात आणि त्याचे श्रमही घातले, हे मला महत्त्वाचं वाटतं.

याचं नीट उत्तर मिळायला १९६४ साल उजाडलं. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएल्सन या दोघांनी त्या वर्षी स्वतंत्रपणे जे मांडलं, ते न्हाव्याच्या उदाहरणाने सोपं होतं. राजापूरचा न्हावी एका डोक्याला जेवढा वेळ घेतो साधारण तेवढाच न्यूयॉर्कचा घेतो. कात्री सारखी, कसब सारखं. पण न्यूयॉर्कच्या न्हाव्याने धंदा सोडला तर त्याला शेजारच्या कारखान्यात काम मिळू शकतं, आणि तिथे मोठ्या यंत्रामुळे एक माणूस दहा माणसांचा माल काढतो, म्हणून पगारही तसा मिळतो. न्हाव्याला दुकानात टिकवायचं तर त्या पगाराशी बरोबरी करावी लागते. म्हणजे न्यूयॉर्कच्या न्हाव्याला मिळतं ते त्याच्या कात्रीचं मोल नव्हे, त्याच्या शहराचं मोल आहे. मुंबईत जन्मलेले जगदीश भगवती यांनी १९८४ मध्ये हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला. गरीब देशात भांडवल थोडं आणि हात पुष्कळ, म्हणून हातांचं मोल कमी. ज्या कामात हातच जास्त लागतात, म्हणजे केस कापणं, कपडे शिवणं, स्वयंपाक करणं, ते तिथे स्वस्तच राहणार.

हा फरक मोजायचा खटाटोप १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी मिळून सुरू केला. १९७० च्या भावांचा पहिला अहवाल १९७५ मध्ये निघाला. त्यात दहा देश होते आणि भारत त्यांपैकी एक. निष्कर्ष असा, की बँकेत डॉलरचे जेवढे रुपये मिळतात तेवढ्या रुपयांत भारतात अमेरिकेच्या मानाने सुमारे तिप्पट जिन्नस आणि सेवा येतात. आपण त्याला 'आपल्याकडे स्वस्ताई आहे' असं म्हणतो. परदेशातून सुटीवर आलेले नातेवाईक तर हे कौतुकाने म्हणतात : शिलाई किती स्वस्त, रिक्षा किती स्वस्त, कामाला बाई किती सहज मिळते! पण या स्वस्ताईचं दुसरं नाव त्या शिंप्याची, रिक्षावाल्याची आणि त्या बाईची मजुरी हेच आहे. त्यांनी तीच मजुरी घेऊन घड्याळ किंवा मोबाइल घ्यायचा म्हटला, तर तिथे ही तिप्पट कामाला येत नाही. ती वस्तू जगाच्या भावाने, वर तटाचा खर्च धरूनच मिळते.

*

हे सगळं वाचून झाल्यावर मी आजोबांची वही पुन्हा उघडली. मला वाटतं, बाजारातली प्रत्येक वस्तू थोडी सोनं असते आणि थोडी घडणावळ. चहाच्या कपात चहापत्ती आणि साखर हे सोनं. दुकानाचं भाडं, पोऱ्याची मजुरी ही घडणावळ. सोन्याचा भाग देशोदेशी फिरतो, म्हणून त्याच्या भावात फरक पडतो तो फक्त तटामुळे, मग तो तट जकातीचा असो वा बंदीचा. घडणावळीचा भाग ज्या मातीत उगवतो तिथेच राहतो, म्हणून त्याचा भाव त्या मातीचा.

पण घडणावळ आपोआप जागेवर राहत नाही, तिला ठेवलेलं असतं. सोनं महाग बाजाराकडे धावतं तसा माणूसही धावतो, आणि काका धावलेच. मात्र माणसासमोरचा तट सोन्यासमोरच्या तटापेक्षा कितीतरी उंच आहे : पासपोर्ट, व्हिसा, मालकाच्या हाती असलेला परवाना, मुदत संपली की परत. सोन्यावरचं शुल्क एका अर्थसंकल्पात उतरतं. माणसावरचं उतरवायचा विचार कोणत्याही देशाच्या अर्थसंकल्पात मी वाचलेला नाही. म्हणून देशोदेशीच्या भावांत उरलेला फरक मला मुख्यतः माणसांच्या हालचालीवरच्या बंदीचा फरक वाटतो. दुबईचं बिस्कीट मुंबईत दुप्पट भावाने विकलं जाई तेव्हा सरकारला ते संकट वाटलं. बहारीनमध्ये बारापट मोल असलेला हात राजापुरात तांदूळ मोजत होता, त्याला कोणीच संकट म्हटलं नाही.

काका सोळा वर्षांनी कायमचे परत आले. त्यांनी बंदर रस्त्याला स्लॅबचं घर बांधलं आणि मुलीच्या लग्नात तिला पाटल्या केल्या. सोनं बहारीनचं होतं. घडवायला मात्र त्यांनी ते इथे आणून एका म्हाताऱ्या कारागिराला दिलं. मी विचारलं, तिथेच तयार का नाही घेतल्या? ते म्हणाले, "इथे घडणावळ स्वस्त पडते ना."

बोलून गेल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग उठून त्यांनी त्या कारागिराला ठरल्यापेक्षा जास्त पैसे नेऊन दिले. किती, ते मला सांगितलं नाही.